अमेरिकेत सरकार बदलले. तुमचा धंदा कोणत्या कागदावर उभा आहे?

अमेरिकेत नोव्हेंबरात मतदान झाले की आपल्याकडच्या निर्यातदारांत एकच चर्चा सुरू होते : नवा राष्ट्राध्यक्ष भारताच्या बाजूचा की विरोधातला? चर्चा रंगते छान, पण तिच्या भरवशावर ना ऑर्डर घेता येते, ना कच्चा माल भरता येतो. डोनाल्ड ट्रम्प यांना आपण भारताचे मित्र म्हणून डोक्यावर घेतले. त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, ५ जून २०१९ रोजी, भारतीय मालाला मिळणारी जीएसपीची शुल्कसवलत गेली. दुसऱ्या कारकिर्दीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, बऱ्याचशा भारतीय मालावरची जादा ड्यूटी ५० टक्क्यांवर पोचली. मधली चार वर्षे बायडेन होते, स्वभावाने मवाळ. पण गेलेली जीएसपी त्यांच्याही काळात परत आली नाही.

तेव्हा स्वभावाची चर्चा वर्तमानपत्रांना करू द्यावी. धंदा करणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत. अमेरिकेत आज मला जी परवानगी, सवलत किंवा कमी ड्यूटी मिळते ती कोणत्या कागदावर लिहिलेली आहे, आणि तो कागद कोण, किती दिवसांत रद्द करू शकतो? आणि दुसरा : तो कागद टिकावा यासाठी खुद्द अमेरिकेत कोण भांडणार आहे?

सर्वांत हलका कागद म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या सहीचा. एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, प्रोक्लमेशन, खास परमिट, सगळे यात आले. एका सहीने होते, पुढच्याच्या एका सहीने जाते. २० जानेवारीला दुपारी बारा वाजता नवा अध्यक्ष सत्तेवर येतो आणि सह्यांचा धडाका त्याच दिवशी सुरू होतो. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी २६ एक्झिक्युटिव्ह ऑर्डरींवर सह्या केल्या. त्याहून जड कागद म्हणजे एखाद्या खात्याने मसुदा छापून, हरकती मागवून केलेला नियम. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यामुळे असा नियम मोडायलाही बहुधा तीच लांबची वाट चालावी लागते, आणि त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जाते. एक पळवाट मात्र आहे. मावळत्या सरकारने शेवटच्या काही महिन्यांत घाईने केलेले नियम नवी काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, साध्या बहुमताने रद्द करू शकते. १९९६ च्या एका कायद्याने तिला हा अधिकार दिला. २०१७ मध्ये ओबामांच्या काळातले डझनाहून अधिक नियम असेच गेले. म्हणून निवडणुकीच्या वर्षात, उन्हाळा सरल्यावर आलेल्या कुठल्याही अनुकूल नियमाच्या जोरावर नवी मशिनरी घेऊ नये.

काँग्रेसने केलेला कायदा सर्वांत पक्का. आंतरराष्ट्रीय करार त्याहून पक्का असेल असे आपल्याला वाटते, पण तो काँग्रेसने मंजूर केलेला आहे की नाही हे आधी पाहावे. प्रशांत महासागराभोवतीच्या १२ देशांनी ४ फेब्रुवारी २०१६ रोजी टीपीपी करारावर सह्या केल्या. अमेरिकेत ड्यूटी उतरणार या हिशेबाने व्हिएतनाममध्ये कापडगिरण्या आणि कपड्यांचे कारखाने उभे राहू लागले होते. काँग्रेसने करार मंजूर केलाच नव्हता. २३ जानेवारी २०१७ रोजी ट्रम्प यांनी त्यातून अमेरिकेचे नाव काढून घेतले.

सहीच्या कागदावर केवढा पैसा लावता येतो आणि बुडवता येतो, हे पाहायचे तर कीस्टोन एक्सएल या तेलवाहिनीचे प्रकरण नीट वाचावे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातून अमेरिकेतल्या नेब्रास्कापर्यंत ही वाहिनी टाकायची होती. कंपनी कॅनडाची, आज तिचे नाव टीसी एनर्जी. सीमा ओलांडायला राष्ट्राध्यक्षांचे परमिट लागते. नोव्हेंबर २०१५ मध्ये ओबामांनी ते नाकारले. २०१७ मध्ये ट्रम्प आले, त्यांनी दिले; ते कोर्टात अडकले तेव्हा २०१९ मध्ये नवे दिले. त्या नव्या परमिटमध्येच लिहिले होते की राष्ट्राध्यक्ष हे केव्हाही, आपल्या मर्जीने रद्द करू शकतात. मालकाने ‘वाटेल तेव्हा उठवीन’ असे लिहून दिलेल्या भाड्याच्या जागेवर आरसीसी बांधकाम काढण्यातला हा प्रकार होता. तरी मार्च २०२० मध्ये, निवडणूक सात महिन्यांवर असताना, अल्बर्टा सरकारने त्यात सार्वजनिक पैसा घातला. २० जानेवारी २०२१ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, बायडेन यांनी परमिट रद्द केले. जूनमध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. अल्बर्टाचे १३० कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक बुडाले.

पुढचा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. कंपनीने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या नाफ्टा कराराखाली अमेरिकेकडे १५०० कोटी डॉलरची भरपाई मागितली. नाफ्टाच्या जागी १ जुलै २०२० पासून नवा करार आला होता आणि परमिट रद्द झाले त्यानंतर. त्यामुळे हा दावा ऐकण्याचा आपल्याला अधिकारच नाही, असे लवादाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. मूळ वादाच्या खरेखोटेपणात लवाद शिरलाच नाही. तेव्हा ‘नुकसान झाले तर दावा लावू’ हा मार्ग लहान धंद्याने हिशेबात धरूच नये.

आता दुसरा प्रश्न. हलका कागद दरवेळी उडतोच असे नाही. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवले म्हणून लिंडन जॉन्सन यांनी १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के ड्यूटी लावली. कोंबड्यांचे भांडण कधीच मिटले. ट्रकांवरची ड्यूटी साठ वर्षे उलटली तरी आहे, कारण तिच्या आडोशाला डेट्रॉइटचा पिकअपचा धंदा वाढला आणि तो मोडायची कोणाचीच इच्छा नाही. मार्च २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के ड्यूटी लावली, तेव्हा पुढचे सरकार ती काढील असे अनेक आयातदार धरून चालले होते. बायडेन यांनी युरोप, जपान, ब्रिटन यांना कोटा बांधून दिला, पण ड्यूटी ठेवली. पोलाद कामगारांची मते पेनसिल्व्हेनियात आहेत, आणि पेनसिल्व्हेनियाशिवाय दोन्ही पक्षांचे गाडे अडते.

याच पेनसिल्व्हेनियाने जपानच्या निप्पॉन स्टीलला दीड वर्ष टांगून ठेवले. १८ डिसेंबर २०२३ रोजी कंपनीने यूएस स्टील विकत घेण्याचा, सुमारे १४९० कोटी डॉलरचा, व्यवहार जाहीर केला. भागधारक राजी, पैसा तयार, जपान मित्रदेश. पण समोर निवडणुकीचे वर्ष होते. दोन्ही पक्षांनी विरोध केला. जाता जाता, ३ जानेवारी २०२५ रोजी, बायडेन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन व्यवहार रोखला; आणि विरोध करत आलेल्या ट्रम्प यांनीच जूनमध्ये तो मंजूर केला, तोही सरकारच्या हाती नकाराधिकाराचा ‘गोल्डन शेअर’ ठेवून आणि २०२८ पर्यंत ११०० कोटी डॉलर गुंतवण्याचे वचन घेऊन. अमेरिकेत एखादी लहानशी कंपनी घेण्याचा विचार असलेल्या पुण्या-मुंबईच्या उद्योजकाने यातून वेळेचा धडा घ्यावा. तिच्याकडे संवेदनशील तंत्रज्ञान, लोकांची माहिती किंवा संरक्षण खात्याची कामे असतील तर परकी गुंतवणूक तपासणारी सीएफआयूएस समिती मध्ये येणार. ती तपासणी निवडणुकीच्या वर्षात पडू देऊ नये आणि करारात मुदतवाढीची तरतूद आधीच करावी.

अर्थात अमेरिकेत आपल्या बाजूने भांडणारे आहेत म्हणून निर्धास्त राहणेही बरे नाही. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने सौरऊर्जा, पवनऊर्जा, बॅटऱ्या यांना मोठ्या करसवलती दिल्या. कोरियन कंपन्यांनी जॉर्जिया राज्यात कारखाने काढले. हे कारखाने रिपब्लिकन मतदारसंघांत आहेत, तेव्हा सवलती टिकतील, असा हिशेब होता. रिपब्लिकन खासदारांपैकी काहींनी तशी पत्रेही लिहिली. तरी ४ जुलै २०२५ च्या कायद्याने त्यांतल्या पुष्कळ सवलती छाटल्या. सिनेटमध्ये मते पडली होती ५१ विरुद्ध ५०. डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीचा रोड आयलंडजवळचा समुद्रातला पवनप्रकल्प ८० टक्के पुरा झाला होता. २२ ऑगस्ट २०२५ ला काम थांबवण्याचा आदेश आला आणि २२ सप्टेंबरला न्यायाधीशांनी काम सुरू करू दिले. कोर्टाने दाद दिली, हे खरे. पण त्या महिन्यात भाड्याची जहाजे आणि कर्जाचे व्याज थांबलेले नव्हते.

आता आपल्या रोजच्या विषयाकडे, म्हणजे ड्यूटीकडे वळू. ‘अमेरिकेने भारतावर इतके टक्के लावले’ हे वाक्य बातमीपुरते ठीक. तुमच्या मालावर किती लागते हे तुमचा एचएस कोड ठरवतो, आणि ती ड्यूटी कोणत्या कायद्याखाली लावली यावर तिचे आयुष्य ठरते. २०२५ च्या ऑगस्ट अखेरीस सोलापूरच्या टॉवेलवर नेहमीच्या ड्यूटीच्या वर ५० टक्के लागत होते. चाकणहून जाणाऱ्या मोटारींच्या ठरावीक सुट्या भागांवर, वेगळ्या कायद्याखाली, २५ टक्के. गोव्यातल्या वेर्णा वसाहतीतून जाणाऱ्या जेनेरिक औषधांवर ही जादा ड्यूटी नव्हतीच. देश एक, समुद्र एक, तीन हिशेब.

सुट्या भागांवरची ड्यूटी १९६२ च्या व्यापार कायद्याच्या कलम २३२ खालची, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने. तिच्याआधी वाणिज्य खात्याची चौकशी होते आणि तिला २७० दिवसांपर्यंतची मुदत असते. म्हणजे तुमच्या मालावर अशी चौकशी सुरू झाल्याची सूचना आली की घंटा वाजली असे समजावे. अशी ड्यूटी कोर्टात सहसा टिकते आणि सरकार बदलले तरी राहते, हे पोलादाने दाखवलेच. टॉवेलवरची ड्यूटी मात्र १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली लावलेली होती. ना चौकशी, ना सुनावणी; रातोरात आली. तिचा कायदेशीर पाया मे २०२५ मध्येच न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने अमान्य केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपली ड्यूटी यांपैकी कोणत्या खात्यातली, हे सीएचएला किंवा बायरच्या ब्रोकरला लेखी विचारावे. ‘टेरिफ’ एवढ्या मोघम उत्तरावर समाधान मानू नये.

ड्यूटी अमेरिकेत आयातदार म्हणून ज्याचे नाव आहे तो भरतो. न्हावाशेवाहून एफओबी, म्हणजे जहाजावर चढवून देण्याच्या बोलीवर, माल देणाऱ्याचा तिच्याशी कागदोपत्री संबंध नाही. पण डीडीपीवर, म्हणजे सगळे शुल्क भरून दारात पोचवण्याच्या बोलीवर, विकणारा स्वतःच त्या जाळ्यात असतो. ऑनलाइन विक्री करणारे आणि नवखे निर्यातदार ग्राहक खूश करायला डीडीपी कबूल करतात. अमेरिकेत सत्तांतराचे वारे असताना हे करू नये. ज्यांना करणे भागच आहे त्यांनी दराची मुदत ३० दिवसांहून जास्त देऊ नये आणि करारात साध्या शब्दांत लिहावे : दर दिल्यानंतर अमेरिकेने ड्यूटी वाढवली तर वाढीव बोजा कोणी किती उचलायचा, किती टक्क्यांच्या पुढे दोघांपैकी कोणालाही ऑर्डर सोडता येईल, आणि तयार होऊन पडलेल्या मालाचे काय.

आणखी एक ओळ बहुतेकांच्या करारात नसते, आणि तीच पैशाची आहे. २०२५ मध्ये बायरने फोन करून ‘निम्मी ड्यूटी तुम्ही सोसा’ म्हटल्यावर कित्येकांनी इनव्हॉइसमध्ये सूट दिली. अशी ड्यूटी कोर्टाने बेकायदा ठरवली तर परतावा आयातदाराला मिळतो, सूट देणाऱ्याला नव्हे. म्हणून सूट देताना त्याच ईमेलमध्ये लिहून घ्यावे की परतावा आला तर त्याच प्रमाणात वाटून घेऊ. अमेरिकेत आयातीचा हिशेब साधारण ३१४ दिवसांनी अंतिम होतो आणि त्यानंतर हरकत घ्यायला १८० दिवस असतात. तेवढा काळ कोणत्या इनव्हॉइसवर किती आणि का सूट दिली, याची फाइल हाताशी हवी.

तारखांकडेही बारकाईने पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या ५० टक्क्यांतली दुसरी २५ टक्के ड्यूटी २७ तारखेपासून लागू झाली, पण त्याआधी जहाजावर चढून वाटेत असलेला आणि १७ सप्टेंबरपूर्वी तिकडे सोडवून घेतलेला माल तिच्यातून सुटला. अशा वेळी माल कारखान्यातून कधी निघाला याला किंमत नसते. बिल ऑफ लॅडिंगवरची जहाजात चढवल्याची तारीख पाहिली जाते.

चिनी सुटे भाग आणून इथे जोडणी करून पाठवणाऱ्यांनी मूळ देशाचा प्रश्न आधी सोडवावा. नुसते डबे बदलून माल भारतीय होत नाही. २०२५ च्या ड्यूटीच्या आदेशात आडमार्गाने आणलेल्या मालावर ४० टक्के ड्यूटीची तरतूद होती. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडून वर्गीकरणाबद्दल किंवा मूळ देशाबद्दल आगाऊ लेखी निर्णय मागता येतो, परदेशी निर्यातदारालाही, आणि त्याला फी नाही. असा निर्णय राष्ट्राध्यक्ष बदलल्याने आपोआप रद्द होत नाही. इतका टिकाऊ कागद फुकट मिळत असताना आपल्याकडे तो फार थोडे जण मागतात, याचे मला नवल वाटते.

लहान पार्सलवाल्यांची गत वेगळी झाली. ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल ड्यूटीशिवाय जात असे, त्यावर पैठणी, चांदीचे दागिने, हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांचा धंदा उभा होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत सर्व देशांसाठी बंद झाली. ड्यूटी कोणी, कशी गोळा करायची हेच स्पष्ट नसल्याने आपल्या टपाल खात्याने त्याच्या चार दिवस आधी अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबवले आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू केले. दिवाळी ऐन तोंडावर होती. घरगुती फराळ पाठवणाऱ्यांना १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट कागदावर होती, पण दुकानाने ग्राहकाला विकलेले पार्सल भेट ठरत नाही. अशा विक्रेत्यांनी दोन कुरिअर कंपन्यांशी खाते ठेवावे आणि ड्यूटी किमतीत न लपवता बिलावर वेगळी दाखवावी.

व्हिसाबद्दल थोडक्यात. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा, लागू रविवारपासून. शनिवारभर लोक विमानतळांकडे धावले, आणि मग खुलासा आला की आधीपासून व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. पुण्यातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांनी अमेरिकी ग्राहकाच्या करारात ‘अमुक माणूस प्रत्यक्ष येईल’ असे वचन देणे सोडावे, काम पुरे करण्याचे वचन द्यावे.

सगळेच काही हलत नाही, हेही सांगायला हवे. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार बुश यांच्या काळात, २००७ मध्ये, विकिरणाच्या अटीवर उघडले. करोनाच्या काळातला खंड सोडला तर पुढच्या तिन्ही राष्ट्राध्यक्षांच्या काळात ते उघडेच राहिले, कारण ते शेती खात्याच्या नियमावर आहे. मे २०२५ मध्ये आंब्याच्या १५ च्या आसपास कन्साइनमेंट तिकडच्या विमानतळांवर अडल्या आणि नष्ट कराव्या लागल्या. कारण होते विकिरणाच्या कागदपत्रांतली त्रुटी. ट्रम्प यांचा त्यात काही हात नव्हता.

बातम्या कुठे पाहाव्यात, असे लोक विचारतात. अमेरिकी सरकारचे ‘फेडरल रजिस्टर’ कामाच्या दर दिवशी निघते आणि इंटरनेटवर फुकट वाचता येते. आपला एचएस कोड आणि मालाचे नाव घालून त्यात आठवड्यातून एकदा शोध घ्यावा. भाषणात आलेले आणि तिथे न छापलेले अजून कागदावर आलेले नाही, असे समजावे. हरकतींची मुदत चालू असेल तर आपल्या बायरला, तो अमेरिकी मतदार आहे म्हणून, हरकत नोंदवायला सांगावे. त्याच्या पत्राला आपल्या पत्राहून जास्त वजन असते. ईसीजीसीची निर्यात-विमा पॉलिसी असलेल्यांनी तिच्यात काय धरले आहे ते पुन्हा वाचावे. आयातीवर बंदी येणे आणि ड्यूटी वाढणे या विम्याच्या दृष्टीने निराळ्या गोष्टी आहेत.

राहिला उलटा धोका, सरकार सैल असण्याचा. १० फेब्रुवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी परदेशी लाचखोरीविरोधी कायद्याची अंमलबजावणी थांबवण्याचा आदेश काढला. काही सल्लागारांनी लगेच आपल्या तपासण्या सैल केल्या. कायदा मात्र पुस्तकात तसाच आहे आणि त्याखाली खटला भरण्याची मुदत साधारण पाच वर्षांची. २०२५ मध्ये दिलेल्या पाकिटाबद्दल जानेवारी २०२९ मध्ये येणारे सरकार विचारू शकते. आर्थिक निर्बंधांच्या बाबतीत तर ही मुदत एप्रिल २०२४ मध्ये पाचावरून दहा वर्षे झाली आणि कागदपत्रेही दहा वर्षे जपण्याचा नियम आला. इराण, रशिया किंवा निर्बंधांच्या यादीतल्या कोणाशीही डॉलरमध्ये व्यवहार झाला असेल तर त्याचे इनव्हॉइस, बँकेचे संदेश आणि जहाजाची कागदपत्रे ‘प्रकरण मिटले’ म्हणून रद्दीत घालू नका. आज केलेल्या व्यवहाराची फाइल उघडून पाहण्याचा अधिकार आजच्या सरकारानंतरच्या किमान दोन सरकारांना आहे.